यादीबाहेरची पाणबुडी

शाळेत घंटा दोन होत्या. एक व्हरांड्यात टांगलेली पितळी, आणि दुसरी मावशी. पितळी घंटा दिवसातून अकरा वेळा वाजायची. मावशीला तसं काही वेळापत्रक नव्हतं.

“ए लंबू, भिंतीवरून पाय काढ. भिंत काय तुझ्या मामाने बांधलीय? आणि तू गं, वेण्या दोन आणि रिबीन एक? दुसरी काय वाऱ्यावर सोडलीस?”

गंमत म्हणजे हे सगळं ती पाठमोरी असताना बोलायची. हातात पोछा, नजर फरशीवर, आणि तोंड मागच्या मुलांशी. कोण फरफटत चालतं, कोण टाच आपटतं, कोणाच्या डाव्या चपलेचा पट्टा सुटलाय, हे तिला ऐकूनच कळायचं. नवीन मुलांना वाटायचं, मावशीला मागेही डोळे आहेत. जुन्या मुलांना तसं वाटत नव्हतं, त्यांना खात्री होती.

ती शाळेची शिपाई. सत्तावीस वर्षांपूर्वी दोन महिन्यांसाठी आली होती. मोठ्या जावेचा पाय मोडला म्हणून बदली. जावेचा पाय जुळला, पण घरी बसायची गोडी लागली ती लागलीच. मावशी मात्र इथे चिकटली. तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. पहिलीच्या वर्गात फळा पुसायला जायची ती फळा पुसून झाला तरी मागे रेंगाळायची. तीन वर्षं रेंगाळली आणि वाचायला शिकली. “मी पहिलीत तीन वर्षं होते,” असं ती अजूनही छाती फुगवून सांगते, जणू काही बक्षीसच मिळालंय. सही मात्र तिने जपून ठेवलेली वस्तू. पगाराच्या दिवशी ती पदराला हात पुसायची, खुर्ची ओढून बसायची, जिभेचं टोक बाहेर काढायची आणि एकेक अक्षर असं उतरवायची, की कारकून तेवढ्यात चहा पिऊन यायचे. “सही म्हणजे शब्द,” ती म्हणायची. “एकदा दिला की दिला.”

तर अशा या मावशीच्या शाळेत एका सोमवारी तपासणीचं पथक आलं. पथक म्हणजे माणसं दोनच. एक तरुण डॉक्टरीणबाई, ज्यांना प्रत्येक गोष्टीवर “छान, छान” म्हणायची सवय होती. मूल शिंकलं तरी छान, दात पडलेला दाखवला तरी छान. आणि दुसरे फॉर्म भरणारे गृहस्थ. त्यांच्या फॉर्मवर रकानेच रकाने होते, आणि रकान्यात बसत नाही असं जगात काही असू शकतं हे त्यांना मान्य नव्हतं. मुलांनी मधल्या सुट्टीच्या आतच त्यांचं नाव ठेवलं : रकानेकाका.

हेडसरांनी सगळ्या मुलांना मैदानात उभं केलं. हेडसर कुठलंही वाक्य ‘तत्त्वतः’शिवाय सुरू करत नसत.

“तत्त्वतः,” ते म्हणाले, “लघवी ही लाजण्याची गोष्ट नाही.”

पुढची तीन मिनिटं काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही. मागच्या रांगेतला एक तर हसता हसता खालीच बसला. शेवटी मावशीने एकदाच “हं!” केलं आणि मैदान गप्प झालं. मग कळलं ते असं : रोजच्या मिठातून अंगाला जे मिळायला हवं ते मुलांना मिळतंय का, हे लघवीतून कळतं. त्यासाठी आठ पूर्ण ते दहा वर्षांची एकशेवीस मुलं हवीत. प्रत्येकाचा एक फॉर्म, प्रत्येकाची एक बाटली, आणि प्रत्येकाच्या छातीवर सेफ्टी पिनेने लावलेला एक पिवळा बिल्ला, त्यावर नंबर.

बिल्ला! झालं. लाज कुठल्या कुठे पळाली.

फॉर्म भरायला ड्रॉइंगच्या वर्गात टेबल लावलं. मावशीचं काम मुलांना रांगेत सोडायचं, एवढंच. पण ती दाराशी उभी होती आणि तिला कान होते.

“घरात माणसं किती?” रकानेकाका.

“पाच. आजोबा रुसून आत्याकडे गेले की चार.”

“आत्ता रुसलेत का?”

“सकाळी नव्हते.”

रकानेकाकांनी पाच लिहिलं, खोडलं, पेनाचं टोपण चावलं. “वडील काय करतात?”

“झोपतात.”

“कामधंदा काय, असं विचारतोय.”

“तेच तर. मी घरी असतो तेव्हा झोपतात.”

“कारखान्यावर रात्रपाळीचे पहारेकरी आहेत ते,” दारातून मावशी. “आणि माणसं पाचच लिहा. आजोबा जेवायच्या वेळेला परत येतात.”

पुढचा आला.

“आई काय करते?”

“ओरडते.”

“आणि?”

“आणि मग वाढते.”

“दवाखान्यात आया आहे त्याची आई,” मावशी. “ओरडण्याचं काय घेऊन बसलात, ते सगळ्यांच्या फॉर्ममध्ये येईल.”

दुपारपर्यंत रकानेकाकांनी मुलांकडे बघणंच सोडलं. ते प्रश्न मुलाला विचारायचे आणि मान मावशीकडे वळवायचे. कोणाच्या घरी नळ आहे, कोण सार्वजनिक टाकीवरून पाणी भरतं, कोणाचे वडील नावाला रंगारी पण घरी बसलेले, कोणाची मोठी बहीणच आईच्या जागी. मावशीकडे सत्तावीस वर्षांचा माल पडला होता. कोणाचे तर आईबापही तिच्याच हातचा धपाटा खाऊन मोठे झालेले.

“मावशी, तुम्हीच एक रकाना आहात,” रकानेकाका म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक बाहेर पडणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात टेबलाच्या कडेवर दोन हात आणि एक हनुवटी आली.

“मी पण.”

ही पाणबुडी. दुसरीतली. नाव पडायचं कारण साधं, ती सदा नळाखाली. तासाला एकदा पाणी, तासाला दोनदा “बाई, जाऊन येऊ?” तिच्या वर्गबाईंनी हात टेकले होते. मावशी तर तिला म्हणायची, “काय गं, पोटात विहीर खणलीय का? फरशी वाळू दे की जरा!” मुलगी हसायची, आणि जायची ती जायचीच.

“वय?” रकानेकाका.

“आठ,” पाणबुडी म्हणाली. लगेच, जास्तच लगेच.

“आठ कुठली?” मावशी बोलून गेली. “दोन महिने आहेत अजून. हिचा दाखला मीच कपाटात लावलाय.”

“पूर्ण झालेली वर्षे,” रकानेकाकांनी पेन खाली ठेवलं. “सात. बसत नाही.”

“दोनच महिने कमी आहेत,” पाणबुडी म्हणाली. “मी टाचा वर करून उभी राहते.”

“टाचांचा रकाना नाही बाळ.”

पाणबुडीने मावशीकडे पाहिलं. रागाने नाही, ‘तूसुद्धा?’ अशा नजरेनं. मग हनुवटी खाली गेली, हात खाली गेले, आणि चपलांचा आवाज व्हरांड्यातून लांब गेला. मावशीला तो आवाज जरा हलका वाटला. पोर वाळलीय की काय, असं क्षणभर मनात आलं. पण पुढचा आला होता, आणि त्याच्या मते त्याच्या घरात माणसं दोन आणि कासव एक होतं.

मंगळवार बाटल्यांचा.

मैदानाच्या टोकाला मुलींचे तीन संडास एका ओळीत. मधल्या भिंती छतापर्यंत न पोचलेल्या, खालीही वीतभर फट. दाराशी मावशी, स्टुलावर. नियम असा, की आत एकावेळी दोघी, बाहेर येताच बाटली मावशीच्या हातात. पहिल्याच तासाला मुलांच्या बाजूच्या दोन वीरांनी नळाचं पाणी भरून आणलं होतं. मावशीने बाटली नुसती हातात घेतली आणि परत दिली. “थंड आहे. तू काय बर्फाचा गोळा आहेस?” तेव्हापासून ती प्रत्येक बाटली पालथ्या हाताने तपासायची. कोमट असेल तरच पेटीत.

“मस्त युक्ती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “छान, छान.”

“माझ्या दारातून माशी जाणार नाही,” मावशी म्हणाली. आणि अगदी तेव्हाच पाणबुडी समोरून आली. पाय जुळवून, ओठ दाबून.

“जा बाई, जा. तिसऱ्यात जा. तू तर इथलीच.”

पाणबुडी त्या सकाळी पाच वेळा आली. मावशी बाटल्या मोजत होती, मुली मोजत नव्हती. शिवाय तासाची घंटा. ती दुसऱ्या कोणी वाजवलेली मावशीला खपत नसे. “कोणी वाजवली तर घंटा नाही, पातेलं पडल्यासारखं वाटतं.” म्हणून ती मध्ये दोनदा घंटेपर्यंत जाऊन आली. तीन-तीन मिनिटं, जास्त नाही.

संध्याकाळी पेटीत एकशेवीस बाटल्या. रकानेकाकांनी सहा पानं पुढे केली. प्रत्येक पानाखाली लिहिलं होतं : ‘नमुने माझ्यासमक्ष घेतले.’ मावशीने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली, जिभेचं टोक बाहेर काढलं. सहा सह्या. एकेक सही म्हणजे एकेक सोहळा. रकानेकाकांचा चहा दोनदा झाला.

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंचा चेहरा वेगळा होता. मिठाची तपासणी पुढे मोठ्या प्रयोगशाळेत व्हायची होती. पण त्यांच्याकडे कागदाच्या पट्ट्याही होत्या. पट्टी बाटलीत बुडवायची, तिच्यावरच्या चौकोनांचे रंग बघायचे. साखरेचा चौकोन एरवी निळा, साखर असली की तपकिरी. एकशेपंधरा पट्ट्या निळ्या. पाच तपकिरी. गडद तपकिरी.

पाचही मुली.

“पाच!” डॉक्टरीणबाई हेडसरांना सांगत होत्या. “इतक्या जणींना एकदम असं होत नाही हो सर. लघवीत साखर म्हणजे... आईवडिलांना बोलवा. आत्ताच.”

पाच आया धावत आल्या. एकीच्या हाताला कणीक, एकीच्या गळ्यात शिवणकामाची टेप. मुलींनी पुन्हा बाटल्या भरल्या, आता आया सोबत, दार घट्ट बंद. बोटांना टोचून थेंब थेंब रक्त एका छोट्या यंत्राला दिलं. डॉक्टरीणबाई आकडा बघायच्या आणि श्वास सोडायच्या. “छान.” पुढची. “छान.” पाचही छान. पट्ट्या पाचही निळ्या. आयांचा जीव भांड्यात पडला. त्यातल्या एकीने त्याच आनंदात लेकीला धपाटा घातला. “उगाच घाबरवलंस!”

“मी काय केलं?” पोर म्हणाली. पण डोळे मात्र जमिनीवर. मावशीने ते पाहिलं.

आया गेल्या. डॉक्टरीणबाई आणि रकानेकाका कागद पसरून बसले. मावशी कोपऱ्यात पोछा मारत होती. एकच फरशी, पुन्हा पुन्हा.

“बाटल्यांनाच काही लागलं असेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सरबताच्या हातांनी उचलल्या असतील कोणी. पाच नमुने खराब म्हणून लिहा, काढून टाका. नवे आलेच आहेत.”

“पण या पाच जणींतच काय ते सारखं बघतो,” रकानेकाका म्हणाले. रकाना रिकामा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “वय : आठ, नऊ, नऊ, दहा, आठ. इयत्ता वेगळ्या. वडील : शिंपी, ड्रायव्हर, नाहीत, गवंडी, दुकानात. घरात माणसं : चार, सहा, तीन, नऊ, पाच. पाणी : नळ, नळ, टाकी, विहीर, नळ. छे. काहीच जुळत नाही.”

“जुळतं की,” मावशी म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं.

“पाचही जणींना शाळेत होत नाही.”

“काय होत नाही?”

“अहो, तेच! जे बाटलीत हवंय तेच! शिंप्याची धाकटी कडी नीट लागत नाही म्हणून घाबरते. ती नऊ माणसांतली, तिला घरीपण रांग लावायची सवय, बाहेर कोणी उभं असलं की तिचं आटतं. ड्रायव्हरची तर पहिलीपासून सुट्टी झाली की घराकडे पळत सुटते. दप्तर उडतंय, पाय जुळतायत. ह्या पाचही जणी वर्षानुवर्षं घरी जाऊन करतात. तुमच्या फॉर्ममध्ये हा रकानाच नाही.”

रकानेकाकांनी फॉर्म उलटून पाहिला. खरंच नव्हता. त्यांना बिचाऱ्यांना मनापासून वाईट वाटलं.

“म्हणजे?” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या.

म्हणजे काय ते मावशीला बोलता बोलताच दिसत गेलं. कोमट बाटली. भिंतीखालची वीतभर फट. तिसरं दार. ‘तू तर इथलीच.’ पोटातली विहीर. परवाच्या त्या हलक्या चपला. तिच्या हातातला पोछा थांबला.

बोललं की सही खोटी. सत्तावीस वर्षांत दिलेला एकमेव शब्द असा, ज्याच्याखाली ‘समक्ष’ लिहिलं होतं आणि ती तिथे नव्हतीच. नाही बोललं तर पाच नमुने खराब म्हणून नाल्यात जातील, पथक संध्याकाळी गाडीत बसेल, आणि ज्या पोरीची ती साखर आहे ती पोर पाणी पीत राहील.

बाहेर तास संपायची वेळ झाली होती. घंटा वाजवायला मावशी गेली नाही. शाळेच्या इतिहासात घंटा पहिल्यांदा उशिरा झाली.

“बाई,” ती म्हणाली, “ती सही खोटी आहे. मी दारात होते, पण सगळा वेळ नव्हते. होते तेव्हाही बघितलं नाही. त्या पाचही बाटल्या एकाच पोरीच्या आहेत. आणि ती पोर तुमच्या यादीत नाही. मीच तिला काढलं यादीतून.”

“तत्त्वतः,” दारात उभे असलेले हेडसर म्हणाले, “हे फार...”

“सर, तत्त्व नंतर,” मावशी म्हणाली. “आधी पोर.” आणि ती निघाली. मागून डॉक्टरीणबाई, त्यांच्या मागून रकानेकाका, त्यांच्या मागून हेडसर, तत्त्वासकट.

पाणबुडी नळाशी होती. दुसरीकडे कुठे असणार?

मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली. गुडघे कुरकुरले. एवढ्या जवळून तिने पोरीला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. गळ्याची हाडं वर आली होती. फ्रॉक उन्हाळ्यात अंगाला बसत होता, तो आता खांद्यावरून घसरत होता. आणि फ्रॉकच्या छातीवर, डाव्या बाजूला, पिनेची बारीक बारीक भोकं. दोन, दोन, दोन... मावशीने बोटाने मोजली. दहा. पाच बिल्ल्यांची.

“काय गं,” मावशी हळू आवाजात म्हणाली. हळू आवाज तिला जमत नव्हता, तो घोगराच आला. “बिल्ला किती वेळ घालायला दिला प्रत्येकीने?”

पाणबुडीने तोंडावर हात ठेवला. मग बोटांच्या फटीतून सांगितलं, “पूर्ण मधली सुट्टी. पण पाच जणींना एकच सुट्टी, म्हणून वाटून. नंबर एकोणपन्नास फक्त जरासाच मिळाला. शपथ घातलीय, मी नाव नाही सांगणार.”

“नको सांगूस.”

“ओळखलं त्यांनी?” पाणबुडीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, आणि आवाज अगदी बारीक झाला. “माझी चांगली नव्हती का? नापास झाली?”

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. “नापास कोणी होत नाही यात. बोट देतेस? मुंगी चावल्यासारखं होईल.”

थेंब आला. यंत्राने तो घेतला. पाच सेकंद.

सगळे डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे बघत होते. तीन दिवसांत त्या तोंडातून शंभरदा बाहेर पडलेला तो शब्द या वेळी आला नाही. त्यांनी यंत्र परत एकदा पाहिलं, आणि मग अगदी शांतपणे विचारलं, “हिची आई कुठे असते?”

“समोरच्या लाँड्रीत, इस्त्रीला,” मावशी म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेलीसुद्धा. पन्नाशी उलटलेली बाई कशी धावते ते दुसरीच्या वर्गाने खिडकीतून पाहिलं. पुढे आठवडाभर मधल्या सुट्टीत तीच नक्कल चालली.

आई आली. वाफेने लाल झालेला चेहरा, हातावर भाजल्याचे जुने डाग.

“वाळलीय ते दिसत होतं हो,” ती म्हणाली. “मला वाटलं उंची सुटतेय. रात्री चार-चारदा उठते, अंथरूण ओलं करते. मी ओरडले तिला. एवढी मोठी झालीस म्हणून ओरडले...”

“ओरडले मी पण,” मावशी म्हणाली. “फरशीसाठी.”

मग मावशीने आईच्या दंडाला धरलं. “चल, आता रडायला वेळ नाही. रडणं गाडीत.”

“वेळेत सापडलीय,” डॉक्टरीणबाई आईला सांगत होत्या. “अजून थोडे दिवस गेले असते तर बेशुद्ध होऊन पडली असती, मग धावपळ झाली असती. आता नीट होईल. औषध रोज टोचून घ्यावं लागेल, कायमचं. पण शाळा, खेळ, सगळं करेल. मी स्वतः येते हॉस्पिटलात.”

पथकाची गाडी निघाली ती बाटल्यांच्या पेटीआधी पाणबुडीला घेऊन. ती खिडकीशी बसली होती, मोठ्या ऐटीत. गाडी फाटकाशी वळताना तिने डोकं बाहेर काढलं. “मावशी, मला जायचंय!”

“थांबवा गाडी!” मावशी ओरडली. “अहो ड्रायव्हर! पोरीला जायचंय, थांबवा म्हणते ना!”

गाडी थांबली. तिसरं दार. मावशी बाहेर स्टुलावर बसली, आणि या वेळी घंटेची वेळ झाली तरी उठली नाही. घंटा हेडसरांनी वाजवली. पातेलं पडल्यासारखीच वाजली.

सहीचं काय झालं? संध्याकाळी रकानेकाका सहा पानं घेऊन आले. मावशीने आधीच हात पुसून ठेवले होते, शिक्षेला तयार. पण रकानेकाकांना शिक्षेत रस नव्हता, त्यांना पानं पूर्ण हवी होती. आकडेही जुळत होते, कारण त्या पाच मुलींच्या स्वतःच्या बाटल्या आता आल्याच होत्या, आयांच्या समक्ष.

“इथे लिहा,” ते म्हणाले. “‘पाच वगळून.’ आणि खाली परत सही.”

मावशीने लिहिलं. ‘पाच वगळून. दोनदा घंटेला गेले होते.’ दुसरं वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. सही मग एकदाच केली, आणि ती आजवरच्या सगळ्या सह्यांपेक्षा हळू.

रकानेकाकांनी कागद दोनदा वाचला. “सत्तावीस वर्षांत इतका खरा फॉर्म पाहिला नाही,” ते म्हणाले. त्यांची नोकरी नऊच वर्षांची होती, पण मावशीचा आकडा त्यांना आवडला असावा.

पाणबुडी सोळाव्या दिवशी परत आली. गालावर थोडं मांस, हातात एक निळी डबी. डबीत छोटी सुई, छोटं यंत्र आणि गोड गोळ्या, चक्कर आली तर तोंडात टाकायला. वर्गात ती सगळ्यांना यंत्र दाखवत सुटली. ज्यांना बोट टोचून घ्यायचं होतं त्यांची रांग लागली, ती वर्गबाईंनी मोडली. गोड गोळ्यांवर तर चार जणांना तिथल्या तिथे चक्कर यायला लागली.

“एकाला पण मिळणार नाही,” पाणबुडी ऐटीत म्हणाली. “माझ्या साखरेचा हिशोब असतो.”

तशीच आणखी एक डबी शाळेत ठेवायची होती. डॉक्टरीणबाईंनी मावशीला बसवून अर्धा तास शिकवलं होतं. हात थरथरले, घाम आला, काय करायचं. मावशीने ते सगळं पहिलीतल्या अक्षरांसारखं घोकून घेतलं आणि डबी कपाटात ठेवून किल्ली गळ्यात घातली. वर्गबाईंना तिने स्वतः जाऊन सांगितलं, “ही ‘जाऊ का’ विचारणार नाही. उठेल आणि जाईल. फरशी माझी आहे, मी बघेन.”

पुढच्या महिन्यात रकानेकाका आले. तपासणीचा तक्ता शाळेला द्यायचा होता. मुलगे अठ्ठावन्न, मुली बासष्ट. आठ पूर्ण इतके, नऊ पूर्ण इतके. घरात पाचपेक्षा जास्त माणसं असलेले इतके. पाणी कुठून, आई काय करते, वडील काय करतात. पाणबुडी टेबलाशी आली, तशीच, दोन हात आणि एक हनुवटी. तिने बोट ठेवत ठेवत सगळे रकाने पाहिले.

“यात मी कुठे?”

“तू वयात बसत नव्हतीस बाळ,” रकानेकाका म्हणाले. पण मग खिशात हात घालून त्यांनी काहीतरी काढलं. पिवळा बिल्ला, नवा कोरा. नंबर एकशेएकवीस. “हा छापखान्यात जास्तीचा आला होता. माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना.”

पाणबुडीने तो छातीवर लावून घेतला, त्या जुन्या दहा भोकांच्या बरोबर शेजारी. मग तिने रकानेकाकांचं पेन उचललं, एक कोरा फॉर्म ओढला, टोपण चावलं आणि भुवया वर केल्या. हुबेहूब. मावशीकडे मान वळवून, नाकातून : “वय? पूर्ण झालेली वर्षे.”

“त्रेपन्न,” मावशी म्हणाली. “दोन महिने कमी.”

“बसत नाही. तरी घेते. घरात माणसं किती?”

“दोन. त्यातला एक तुझा मावसोबा, त्याला कमी ऐकू येतं, म्हणून अर्धा धर.”

“अर्ध्याचा रकाना नाही. दोन.” पेन कागदावर फिरलं. “व्यवसाय?”

मावशीने विचार केला. बाहेर कोणीतरी भिंतीला पाय लावला होता. ती वळली नाही.

“लंबू! पाय!” ती गरजली, आणि मग फॉर्मकडे बोट दाखवलं. “लिही. ओरडते.”

पाणबुडीने लिहिलं. मग पेन ठेवलं, टुणकन उडी मारली आणि न विचारता दाराकडे पळाली.

“चपला घालून जा!” मावशी म्हणाली. “फरशी ओली आहे, घसरशील.”